ऑटिझम, एडीएचडी आणि आईबापांचा ताण: सोलापूरच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

पालकांच्या भेटीगाठींत, थेरपी सेंटरच्या बाहेरच्या बाकावर आणि रात्री उशिरा येणाऱ्या फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी ऑटिझम असलेल्या मुलाची आई आहे, डॉक्टर नाही. निदान आणि औषधांबाबत तुमच्या डॉक्टरांचाच शब्द घ्यायचा. हे पान मुलांपेक्षा तुमच्याबद्दल जास्त आहे.

सगळे म्हणतात, "ताण कुठल्या आईला नसतो?" आमचा खरंच वेगळा असतो का?

हो, वेगळा असतो, आणि तो मोजलेला आहे. 2013 मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांचा ताण इतर पालकांपेक्षा जास्त असतो हे त्यात दिसलंच, पण दुसऱ्या प्रकारचं अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांपेक्षाही तो जास्त निघाला. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असलेल्या मुलांच्या पालकांचा ताणही इतर पालकांपेक्षा जास्त असतो, असं अभ्यास सांगतात.

का, ते तुम्हाला माहीत आहे. पोर रात्री दोनला टक्क जागं होतं आणि चारपर्यंत घरभर फिरतं. गच्चीचं दार, गॅसचं बटण, रस्त्याकडचं फाटक यांवर दिवसभर एक डोळा ठेवावा लागतो. मूल दिसायला चारचौघांसारखंच, त्यामुळे त्याचं वागणं बघणारे लोक आजार बघत नाहीत, "आईनं वळण लावलं नाही" असं म्हणतात. आणि हे आज ना उद्या संपेल असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

अभ्यासांतून आलेली एक गोष्ट मला फार उपयोगाची वाटते. आईबापांचा ताण ऑटिझम किती तीव्र आहे यापेक्षा मुलाच्या वागण्यातल्या अडचणींशी जास्त जोडलेला असतो. न झोपणं, मारणं, चावणं, घरातून निसटून जाणं या त्या अडचणी. म्हणून डॉक्टरांकडे गेलात की "अजून बोलत नाही" यासोबत "रात्री झोपत नाही" हेही ठासून सांगा. झोपेवर उपाय असतात. मुलाची झोप सुधारली की आईचीही सुधारते, आणि मग बाकीच्या गोष्टींना तोंड देता येतं.

माझं स्पष्ट मत सांगते. बहुतेक घरांत हा सगळा भार एकाच माणसावर येऊन पडलेला असतो आणि तो माणूस म्हणजे आई. तिला "धीर धर, देव बघतोय" म्हणून भागत नाही. तिच्या वाट्याचे तास कमी करावे लागतात. पुढची बरीचशी उत्तरं याच गोष्टीकडे वळतील.

माझ्यामुळे झालं का? गरोदरपणात मी खूप टेन्शनमध्ये होते. मोबाईलही दिला होता.

नाही. आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, असं एकेकाळी मोठमोठे तज्ज्ञही म्हणायचे. 1964 मध्ये बर्नार्ड रिमलँड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं. तो स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप होता. आज ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही मेंदूच्या जडणघडणीतले फरक मानले जातात आणि दोन्हींत अनुवंशाचा वाटा मोठा आहे. लशीमुळे ऑटिझम होतो हा दावा 1998 च्या एका लेखातून पसरला. 2010 मध्ये त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. मोबाईल जास्त बघितल्याने बोलणं आणि झोप यांवर परिणाम होतो, म्हणून तो कमी करायचाच, पण ऑटिझम त्याने होत नाही.

अनुवंश म्हटला की घरात लगेच "तुमच्याकडून आलं की आमच्याकडून" सुरू होतं. "आमच्यात कुणालाच नव्हतं असलं" हे वाक्य सोलापुरात मी तेलुगूत, कन्नडमध्ये आणि मराठीत ऐकलं आहे. त्या वादातून मुलाला काही मिळत नाही.

मी त्याला मारलं. आता स्वतःचीच शिसारी येते. काय करू?

हे सांगताना आया आवाज खाली घेतात, म्हणून सविस्तर लिहिते.

संध्याकाळचे साडेसहा. एका पायात बूट, दुसरा कॉटखाली फेकलेला. कुकरची तिसरी शिट्टी. धाकटीचं पाणी सांडलेलं. फोनवर शाळेच्या बाई. आणि हा फरशीवर डोकं आपटतोय. त्या क्षणी हात उठतो. तुम्ही दुष्ट आहात म्हणून नाही, पहाटे पाचपासून तुम्ही एकदाही टेकलेल्या नाहीत म्हणून. तरी मारणं चूकच. त्याने मूल शांत होत नाही, जास्त घाबरतं, आणि पुढच्या वेळी स्वतः हात उगारायला शिकतं.

हट्ट आणि मेल्टडाउन यांतला फरक ओळखा. हट्टात मूल अधूनमधून तुमच्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये त्याचा ताबाच सुटलेला असतो आणि वस्तू हातात दिली तरी ते थांबत नाही. अशा वेळी समजावू नका. कुकर बंद करा, दिवा मंद करा, बघ्यांना बाहेर काढा, डोक्याखाली उशी सरकवा. कमीत कमी शब्द बोला. मूल सुरक्षित आहे अशी खात्री झाली आणि हात शिवशिवतोय असं वाटलं, तर दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जा, तोंडावर पाणी मारा. मारून झालं असेल तर नंतर त्याच्याजवळ बसून "मी मारायला नको होतं" म्हणा. न बोलणाऱ्या मुलालाही म्हणा.

मग आठवडाभर कॅलेंडरवर फक्त वेळ लिहा, हात उठला किंवा उठता उठता राहिला ती. बऱ्याच घरांत एकच वेळ पुन्हा पुन्हा निघते, आणि ती बहुधा संध्याकाळच असते. ती वेळ तुमची एकटीची राहता कामा नये. तेव्हा घरात दुसरं माणूस हवं. दीर, आत्या, शेजारच्या काकू, कुणीही चालेल.

हा नुसता थकवा आहे की डिप्रेशन? कसं ओळखायचं?

थकलेल्या माणसाला एक दिवस माहेरी नीट झोप मिळाली की थोडं बरं वाटतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच उदास वाटतंय, कशातच मन लागत नाही, मूल झोपलं तरी तुम्हाला झोप येत नाही, जेवण उतरत नाही, "मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल" असं वाटतं, तर डॉक्टरांकडे जा. सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

स्वतःला किंवा मुलाला काही करून घ्यावं असा विचार मनात आला, तर आठवडा संपायची वाट बघू नका. तो विचार आजच, आत्ताच कुणाला तरी बोलून दाखवा आणि त्या माणसाला सोबत थांबायला सांगा. असा विचार येणाऱ्या आया आणि बाप मी बघितले आहेत. उपचार घेऊन ते त्यातून बाहेर आले आहेत.

नवरा म्हणतो, "मी कमावतो, मुलाचं तू बघ." त्याला कसं सांगू?

आधी त्याची बाजू. यंत्रमागावर बारा तास उभं राहून कानात खटखटाट घेऊन आलेला माणूस घरी आल्यावर किंचाळणं सहन करू शकत नाही, हे खरं आहे. बापांनाही ताण असतो, फक्त तो चिडण्यात, उशिरा घरी येण्यात, न बोलण्यात दिसतो. त्याला वाईट वाटत नाही असं धरून चालू नका.

पण "मदत कर" एवढं म्हणून काही होत नाही, कारण मदत म्हटली की काम आईचंच राहतं. ठरावीक काम आणि ठरावीक वेळ मागा. रविवारी सकाळचे दोन तास मूल पूर्णपणे त्याच्याकडे. त्या वेळात तुम्ही घरात थांबायचंच नाही, नाहीतर प्रत्येक हाक तुमच्याकडेच येईल. सिद्धेश्वराला जा, मैत्रिणीकडे जा, कंबर तलावाच्या कडेला नुसत्या बसा. पहिल्या दोन-तीन वेळा घरी गोंधळ होईल, मूल रडेल, उपाशी राहील, नवऱ्याचे फोन येतील. तरी परत धावू नका. बापाला मूल कळायला त्याच्यासोबत एकटं राहावंच लागतं.

दुसरं, रात्र वाटून घ्या. जागायच्या रात्री आलटून पालटून. घर एका खोलीचं असेल तर वेगळं झोपता येत नाही, मला माहीत आहे. तिथे निदान पहाटेची वेळ तरी वाटून घ्या: एकानं चारपर्यंत बघायचं, दुसऱ्यानं चारनंतर. तिसरं, कागदपत्रांचं काम त्याच्याकडे द्या. दाखले, ऑनलाइन अर्ज, सिव्हिलचे हेलपाटे हे बाप चांगलं करतात. ते काम त्यांना ठोस वाटतं, आणि त्या रांगेत दुसरे बाप भेटतात.

नवरा नसेल, किंवा असून नसल्यासारखा असेल, तर वरचं सगळं बहीण, आई, मोठी पुतणी यांच्याकडे मागावं लागतं. घरी विड्या वळणाऱ्या बायकांना हजार विड्यांचा हिशोब पुरा करायचा असतो आणि मूल सुपाशेजारीच खेळत असतं. वाट्टेल ते तोंडात घालणारं मूल असेल तर तंबाखूचं सूप त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नका. तंबाखू पोटात गेली तर विषबाधा होते. वळायच्या तासांपुरतं तरी मूल दुसऱ्या कुणाजवळ असावं.

"दिनक्रम ठेवा" म्हणतात. आमच्याकडे पाणीच चार-पाच दिवसांआड येतं, दिनक्रम कसला ठेवणार?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञांना सुचत नाही. पाण्याच्या दिवशी घरात पळापळ, बादल्यांचे आवाज, मोटार, आई रात्री उठलेली. दुसऱ्या दिवशी मूल बिथरतं आणि आपल्याला कळत नाही का.

पाण्याचा दिवस त्याला आधी दाखवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला निळ्या पेनाने नळ काढा. रोज रात्री बोट ठेवून "उद्या शाळा, परवा नळ" असं सांगा. वेळ नक्की नसेल तर एका पुठ्ठ्यावर नळाचं चित्र काढून ठेवा आणि पाणी आलं की तो पुठ्ठा त्याच्या हातात द्या. म्हणजे आता गडबड होणार, आपण कोपऱ्यात आपल्या जागी बसायचं. आमच्याकडे या पुठ्ठ्याने फार फरक पडला. काही मुलांना एक छोटी बादली भरायचं काम दिलं की ती रमतात.

बाकीच्या दिवसाचं वेळापत्रक काटेकोर नसलं तरी चालतं. जेवणाची आणि झोपेची वेळ एवढ्या दोन सांभाळा. एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो आणि बरीच मुलं अंगावर कपडे ठेवत नाहीत. घामाचा चिकटपणा त्यांना खरोखर सहन होत नाही. घरात उघडं फिरू द्या, त्यावरून रोजचं भांडण नको. जेवणाचंही तेच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी एवढंच खाणारी मुलं आहेत, कारण कुरकुरीत चालतं आणि ओलं नाही. वजन आणि हिमोग्लोबिन डॉक्टरांना दाखवत राहा, नवा पदार्थ सावकाश आणा.

घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. एकच भाषा बोला असं सांगितलं, आणि आजी-आजोबा गप्पच झाले.

हे ऐकून मला वाईट वाटतं. एकापेक्षा जास्त भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. ज्या भाषेत तुम्ही लाड करता, रागावता, गाणी म्हणता, तीच त्याच्याशी बोला. सोलापूरच्या पूर्व भागातली एक आई मोडक्या मराठीत मुलाशी मोजकंच बोलायची, कारण तिला तसं सांगितलं होतं. ती परत तेलुगूवर आली आणि तिचं स्वतःचं बोलणं मोकळं झालं. मुलासाठीही तेच हवं होतं. शिवाय आजी गप्प झाली म्हणजे घरातले दोन हात कमी झाले.

सासूबाई म्हणतात, "ह्याचे वडील पण असेच होते, होईल नीट." उपचारच नको म्हणतात.

कदाचित त्या म्हणतात त्यात तथ्यही असेल. एडीएचडी घराण्यात चालत येतो, आणि मुलाच्या तपासणीत आपल्यालाही तेच आहे असं बापाला किंवा आईला कळणं ही नवी गोष्ट नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एकदा त्यांना थेरपीच्या खोलीत घेऊन जा. थेरपिस्टच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटतं, आणि तिथे जे बघतात ते त्या घरी करून बघतात. आज्यांजवळ वेळ असतो, गोष्टी असतात आणि चिकाटी असते.

नवस, अंगारा, उतारा: करावं का?

अक्कलकोटला जाऊन मन शांत होत असेल तर जरूर जा. तुमच्या मनाला आधार लागतोच. पण थेरपी आणि औषध थांबवू नका, आणि मुलाला मारणारा, कोंडणारा, धुरी देणारा कुणी असेल तर तिथून उठून या. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि असे प्रकार गुन्हा ठरू शकतात.

दर आठवड्याला पुण्याला न्यावं का? आणि स्टेम सेलने (मूळपेशींच्या उपचाराने) बरं होतं म्हणतात, त्यासाठी जमीन विकायची तयारी आहे.

जमीन विकू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने 2022 मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही. "पूर्ण बरं करतो" म्हणणारा कुणीही असो, पैसे देऊ नका.

निदानासाठी किंवा सहा महिन्यांतून एकदा आढाव्यासाठी पुण्याला जाणं समजू शकते. पण दर आठवड्याला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, पाऊण तासाची थेरपी घ्यायची आणि रात्री मेलेल्यासारखं परतायचं, यात मूल आणि आई दोघंही खचतात. रजा, खर्च आणि घरच्या दुसऱ्या मुलाचे हाल वेगळेच. मुलाचे जागे तास बहुतेक घरी जातात, म्हणून पालकांना शिकवण्यावर भर हवा. जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठीचा कार्यक्रम याच विचाराने बांधलेला आहे: नऊ गटसत्रं आणि तीन घरभेटी. तुमच्या थेरपिस्टला विचारा, "घरी मी काय करू ते दाखवाल का?" आईला दाराबाहेर बसवून आत काय चाललंय ते न सांगणारं सेंटर बदला. वय कमी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, तिथली सेवा मोफत असते.

एडीएचडीच्या औषधाने मूल गुंगीत राहतं का?

मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन योग्य मात्रेत चालू असेल तर मूल गुंगीत राहू नये. तसं दिसलं तर मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला, स्वतः बंद करू नका. भूक कमी होणं मात्र नेहमीचं आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून सकाळचा नाश्ता गोळीच्या आधी पोटभर द्या. औषध देणं म्हणजे आई म्हणून हरणं नाही. जेवताना, अभ्यासाला, झोपताना दिवसभर भांडण होत होतं ते कमी झालं, तर ते दोघांच्याही भल्याचं आहे.

शाळेतून रोज फोन येतो. फोन वाजला की छातीत धडधडतं.

वर्गशिक्षिकेशी एक गोष्ट ठरवून घ्या: मूल जखमी असेल, आजारी असेल किंवा सापडत नसेल तरच फोन, बाकी सगळं वहीत. वहीत रोज एक चांगली गोष्टही लिहा अशी विनंती करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये शाळांनी समावेशक शिक्षण द्यावं असं स्पष्ट आहे, आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तोंडी "दुसरी शाळा बघा" म्हणत असतील तर ते लेखी मागा.

प्रमाणपत्र काढल्याने मुलावर शिक्का बसेल ना?

शिक्का तर लोकांनी आधीच मारलेला आहे, निदान त्याचे हक्क तरी मिळू देत. 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे आणि त्यात ऑटिझम आहे. एडीएचडी त्या यादीत स्वतंत्रपणे नाही, पण सोबत अध्ययन अक्षमता (वाचणं, लिहिणं, गणित शिकण्यातली अडचण) असेल तर ती आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि तपासणीला रुग्णालयात जायचं. ऑटिझमसाठी 40 प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. जाताना मूल घरी जसं वागतं तसे दोन-तीन व्हिडिओ मोबाईलवर घेऊन जा, कारण तपासणीच्या पाच मिनिटांत ते शहाण्यासारखं बसू शकतं.

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळालं की केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना बघा. ऑटिझमसाठी वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, तिथेही अर्ज द्या. आई रेल्वेत किंवा केंद्र सरकारच्या दुसऱ्या नोकरीत असेल तर 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे, आणि मूल दिव्यांग असेल तर त्याला वयाची अट नाही.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, न्यावं का?

न्या, पण तुमच्या सोयीने. दारूकामाची रात्र आणि मिरवणुकीतली हलगी बऱ्याच मुलांना सोसत नाही. मुख्य दिवस उलटल्यावर एखाद्या दुपारी होम मैदानावर जा, कानाला हेडफोन लावा, एक पाळणा, एक भजी, परत. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी असू द्या. पूर्ण कुटुंबानं न जाता दोघांनी आलटून पालटून गेलं तरी चालतं. दुसऱ्या मुलाला मात्र रात्रीचं दारूकाम बघू द्या, तेही फक्त आईसोबत किंवा बाबांसोबत. भावंडांना अशी एकट्याची वेळ फार क्वचित मिळते.

आमच्यानंतर याचं कोण बघणार?

रात्री झोप उडवणारा प्रश्न हाच. तो एकदम सुटत नाही, पण तुकड्यांनी सुटतो, आणि प्रत्येक तुकडा कागदावर आला की थोडं हलकं वाटतं.

ऑटिझम असलेलं मूल 18 वर्षांचं झालं की कायद्याने आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. मुलाला स्वतः निर्णय घेता येत असतील तर पालक नेमायची गरजही नसते, आणि फक्त एडीएचडी असेल तर हा प्रश्नच येत नाही. दोघांचं मृत्युपत्र करा. मुलाच्या नावावर थेट घर किंवा मोठी रक्कम ठेवण्याआधी खासगी ट्रस्टबद्दल वकिलाला विचारा. सरकारी नोकरीत असाल तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी दिव्यांग अपत्याचं नाव सेवापुस्तकात आहे ना ते आजच तपासा, कमावता न येणाऱ्या अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकतं. भावंडाला "तुलाच बघायचंय" असं लहानपणी सांगू नका. ते मोठं झालं की विचारा, आणि ते नाही म्हणालं तर ते उत्तर मान्य करा.

आणि एक वही करा. त्याला काय आवडतं, कशाने घाबरतो, कुठली गोळी किती वाजता, झोपताना कुठली चादर लागते, रडत असेल तर पाठ कशी थोपटायची, हे सगळं त्यात लिहा. आज आत्या संध्याकाळपुरती सांभाळायला आली, तरी तिला तीच वही लागणार आहे.